वेड्याचा मान

कोणत्याही गावाचा कारभार सुरळीत चालायचा तर तिथे एक देऊळ, एक बारमाही विहीर आणि एक वेडा असावा लागतो. देवळामुळे देव कळतो, विहिरीमुळे शेजारी कळतात आणि वेड्यामुळे आपण शहाणे आहोत हे कळते. पहिल्या दोहोंवाचून कसेबसे निभते. (नवस परगावच्या देवालाही बोलता येतो.) तिसऱ्यावाचून मात्र माणसाला स्वतःविषयी भलत्याच शंका येऊ लागतात.

दिघीच्या खाडीलगतच्या करंजखोल गावाने ही गरज पूर्वीच ओळखली होती. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षे झाली होती, खोती गेली होती, पण शिमग्यातले मान कुठल्याही सरकारला काढून घेता आले नव्हते. पालखीला पहिला खांदा देण्याचा मान एका घराचा, होळीला पहिला नारळ वाहण्याचा दुसऱ्याचा, ढोलावर पहिली थाप मारण्याचा तिसऱ्याचा. याच रांगेत शेवटी वेड्याचाही मान होता. त्याने तोंडाला काजळी फासून पालखीपुढे नाचायचे, गावाने त्याला पोटभर हसायचे आणि पालखी त्याच्या दारावरून न थांबता पुढे न्यायची. बाकी प्रत्येक अंगणात देवी टेकायची, ओटी घ्यायची. वेड्याच्या दारात टेकली आणि तिलाच काही झाले तर? देवीपेक्षा वेड जबरदस्त असते, हे गावाने कुठल्याही शास्त्राच्या मदतीशिवाय शोधून काढले होते.

हल्ली हा मान मोरूकडे होता. मोरूची सुपारीची लहानशी वाडी होती. त्याला वाडीतल्या विहिरीतून हाका ऐकू येऊ लागल्या. आधी तो नुसता ओ देई, मग भांडू लागला आणि अखेरीस हाका मारणारा वर येऊ नये म्हणून विहिरीवर झावळ्या रचून तिथेच बसून राहिला. गावाने त्याच्यावर कोंबडा, मिरच्यांची धुरी आणि चाबूक असे तीन उपाय केले. कोंबडा गावाने खाल्ला, उरलेले दोन मोरूला मिळाले. त्याची बायको केसर हे सगळे पाहून घाबरली आणि माहेरी निघून गेली. शेवटी मुंबईला गिरणीत असलेल्या त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने त्याला तिकडच्या इस्पितळात नेऊन ठेवले.

वर्षभराने मोरू बरा होऊन, गोळ्यांची पुडी खिशात घालून, आगरदांड्याहून होडीने परत आला. बघायला अर्धा गाव जमला होता. मोरूने सगळ्यांना रामराम केला, पोराबाळांची चौकशी केली आणि घरी जाऊन अंगण झाडायला घेतले. लोकांची घोर निराशा झाली.

"हाका येतात का रं अजून?" गर्दीतल्या तुळशीरामाने आशेने विचारले.

"येखाद येळी येतात. आता मी ओ देत न्हाय."

हे उत्तर सरळ होते, आणि म्हणूनच गावाला ते संशयास्पद वाटले. मोरू हळू बोलू लागला होता, बांधावरून भांडत नव्हता, आणि गोळी घेण्याची वेळ चुकवत नव्हता. शहाण्या माणसाची ही लक्षणे करंजखोलात पूर्वी कोणी पाहिलेली नव्हती.

कारण गावातले शहाणे निराळे होते. तुळशीरामाचे सख्ख्या भावाशी एका फणसावरून वाकडे होते. दोघे एकाच घरात राहत, एकाच चुलीवरचे जेवत आणि काही सांगायचेच झाले तर कुत्र्याला सांगत. (कुत्र्यावर दोघांचाही विश्वास होता.) सखुबाईला वाटे की सगळी आळी तिच्या पाण्यात काहीतरी कालवते, म्हणून ती हंडा उशाशी घेऊन निजे. पंचांचे प्रमुख दादा खोत घराची कडी लावून देवळापर्यंत येत, ती लागली नसेल या धास्तीने परत जात आणि पुन्हा येत. त्यांच्यासाठी प्रत्येक सभा उशिरा भरवण्याची पद्धत पडली होती. या सगळ्याला गावात 'स्वभाव' म्हणत. ज्याच्या पाठीशी चार माणसे आणि थोडीफार जमीन असते त्याच्या वेडाला स्वभाव म्हणायचे, आणि ज्याच्या पाठीशी कोणी नसते त्याच्या स्वभावालाही वेड म्हणायचे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो काटेकोरपणे पाळला जाई.

मोरूला फक्त केसर परत हवी होती. घर त्याला खायला उठत असे. पण तिच्या भावाचा निरोप स्पष्ट होता: औंदा पालखी मोरूच्या दारात थांबली, म्हणजे गावाने त्याला बरा मानला, तर बहिणीला नांदायला पाठवू, नाहीतर तिला विसरायचे. म्हणून शिमगा जवळ येताच मोरू पंचांपुढे हात जोडून उभा राहिला.

"दादा, औंदा देवी माझ्या दारात थांबू द्या."

पंचांनी विषयाचा सर्व बाजूंनी विचार करून (मध्ये कडी पाहण्यासाठी सभा तहकूब करून) निर्णय दिला. मोरू बरा झाला असल्यास गावाची हरकत नाही. तथापि मान रिकामा ठेवता येत नाही. सबब मोरूने आपल्या जागी लायक माणूस सुचवावा. इस्पितळ आतून पाहिलेला तो एकटाच असल्यामुळे त्याचा शब्द अखेरचा मानला जाईल.

त्या दिवसापासून मोरूला गावात भलतीच किंमत आली. दुपारची निजानीज झाली की मागच्या दाराने एकेक जण येई. तुळशीराम फणसाचे तळलेले गरे घेऊन आला आणि म्हणाला, "माझं नाव घेऊ नको बाबा. लायक म्हनशील तर माझा भाव हाय." थोड्या वेळाने भाऊ सुक्या कोळंबीचे सोडे घेऊन आला आणि त्याने तुळशीरामाचे नाव सुचवले. सखुबाईने अख्ख्या आळीची नावे दिली. दादा खोत आले, बसायच्या आत एकदा घरी जाऊन आले आणि म्हणाले, "आमच्या सूनबाईचं लक्षण मला ठीक दिसत न्हाय." मोरू प्रत्येकाचे ऐकून घेई आणि शेवटी विचारी, "तुमाला नीज लागते का? मी येतो संगतीला, डॉक्टरांना दावू." यावर माणूस ताडकन उठून जाई. गरे मात्र परत नेत नसे.

शेवटी सोनाबाई आली. तिचा लेक तारवावर गेला तो परतलाच नव्हता. ती काहीच घेऊन आली नव्हती.

"मोरू, माझं नाव घे रं. दिस उगावला तरी उठू नये वाटतं. रडूबी येत न्हाय. येडी ठरले तर निदान कुनी इचारील तरी."

मोरूला भडभडून आले. "काकी, ह्याला येडं न्हाय म्हनत," तो म्हणाला. "दुखनं म्हनतात. शिमगा झाला की आपन जाऊ."

शिमग्याच्या दिवशी पालखी सजली. देवळाच्या कडेला, उंडिणीच्या झाडाखाली, केसर भावाबरोबर येऊन उभी होती. दादांनी मोरूला नाव विचारले. कुठलेही एक नाव चालणार होते, आणि ते घेतले की केसर घरी येणार होती. पण चाबूक कसा लागतो हे त्या गर्दीत मोरूलाच माहीत होते, आणि तो दुसऱ्याच्या पाठीवर पडलेला त्याला पाहवला नसता.

"जे आले त्यांनी दुसऱ्याचं नाव दिलं," तो म्हणाला. "समदी नावं जमवली तर गावात कुनी उरत न्हाय. मी न्हाय कुनाचं नाव घेनार."

दादा खोतांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"अख्ख्या गावाला येडा म्हनतो! वर बायको दारी येत असता नको म्हनतो! आता आनखी काय दाखला होवा?"

मोरू अद्याप वेडा असल्याचे एकमताने ठरले. ओवाळण्या झाल्या, पालखी उठली आणि त्याच्या दारावरून न थांबता पुढे गेली.

पालखीमागून मोरूच्या दारापर्यंत आलेल्या भावाने परत फिरण्यासाठी केसरचा हात धरला. तिने तो सोडवला.

"तू जा. माझी भीती गेली," ती म्हणाली. "ह्या येवढ्या लोकांत ह्यो येकटाच आपलं दुखनं दुसऱ्यावर ढकलीत न्हाय. मी ऱ्हाते."

मोरू भर अंगणात रडला. गावाने त्या घरात आता दोन वेडे झाल्याची नोंद घेतली आणि मान सुरक्षित राहिल्याबद्दल समाधान व्यक्त केले. शिमग्यानंतर मोरू आणि केसर सोनाबाईला मध्ये बसवून होडीने डॉक्टरांकडे निघाले, तेव्हा तीन झाले.

हे वाचताना तुमच्याही मनात एक नाव येऊन गेले असेल. भावकीतले, कचेरीतले, कदाचित पलीकडच्या खोलीत आत्ता वावरत असलेले. लाजण्याचे कारण नाही. ते नाव तुमचे स्वतःचे असेल, तर आगरदांड्याची होडी सकाळी सुटते, मोरू संगतीला येईल. दुसऱ्या कोणाचे असेल, तर पंचांत तुमच्यासाठी जागा आहे. फक्त येताना कडी नीट लावून या.