रिकाम्या पंखाची गळती

"पुन्हा गळलं!" वहिनी म्हणाल्या. आवाजात असा संताप होता, की विमानाने हे मुद्दाम केलंय असंच ऐकणाऱ्याला वाटावं.

विमान गप्प राहिलं. विमानाचे मिस्त्री मात्र गप्प राहिले नाहीत.

"शक्यच नाही."

"मग हे खाली काय आहे?"

"डाग आहे."

"डाग आहे ते मलाही दिसतंय. कशाचा आहे?"

"दिसतो पेट्रोलचा. पण पेट्रोलचा नाही."

"कशावरून?"

"टाकी मी दुरुस्त केलीय यावरून."

डाव्या पंखाखाली, हँगरच्या सिमेंटवर, बशीएवढा निळा डाग होता. या विमानाच्या पेट्रोलमध्ये निळा रंग मिसळलेला असतो, गळलं तर लगेच नजरेत भरावं म्हणून. ही सोय ज्याने शोधून काढली त्याच्याबद्दल वहिनी गेले दोन आठवडे जे बोलत होत्या ते छापण्याजोगं नाही.

विमान दोन माणसांचं आणि साठ वर्षांचं होतं. वहिनींच्या सासऱ्यांनी मृत्युपत्रात 'दोन्ही मुलांना निम्मं निम्मं' एवढंच लिहून डोळे मिटले होते. विमान निम्मं कसं करतात, हे त्यांनी लिहिलं नाही. शेवटी उजवा पंख थोरल्याला आणि डावा धाकट्याला, अशी वाटणी झाली. थोरले गेल्यावर उजवा पंख वहिनींकडे आला. सत्तावीस वर्षं त्या विमान उडवत होत्या. अर्थात दोन्ही पंखांनी, कारण त्याला इलाज नव्हता.

धाकटे, म्हणजे भाऊजी, जिना उतरतानाही कठडा सोडत नसत. त्यांनी आपला पंख एकदाही उडवला नव्हता. मुलांच्या बागेचा एक मालक त्यांना भेटला होता आणि त्याला विमानाची घसरगुंडी करायची होती. दारातून आत, शेपटीतून बाहेर. बरंच भांडण होऊन असं ठरलं, की यंदा उड्डाणाचा दाखला मिळाला तर विमान वहिनींचं, नाही मिळाला तर बागेचं.

"म्हणजे माझ्या विमानाच्या शेपटीतून पोरं बाहेर पडणार?" वहिनींनी तेव्हा विचारलं होतं.

"आपल्या विमानाच्या," भाऊजी म्हणाले होते.

दाखला द्यायला आलेले तपासनीस साहेब अतिशय सज्जन होते आणि त्यांच्या खिशात पट्टी होती. सज्जन माणसाच्या खिशात पट्टी असली की काही इलाज चालत नाही. पहिल्याच तपासणीला डाव्या पंखाखाली निळा डाग निघाला. साहेब गुडघ्यावर बसले, त्यांनी डाग आडवा मोजला, उभा मोजला आणि सांगितलं, "हे बघा, नियमात तीन प्रकार आहेत. डाग, पाझर आणि गळती. हा पाझर आहे. दोन आठवड्यांनी, शुक्रवारी येतो."

आदल्याच दिवशी वहिनींनी मिस्त्रींना नवाकोरा ओव्हरऑल आणून दिला होता. जुन्याला इतकी भोकं होती, की तो घालताना कुठला हात कुठून बाहेर येईल याचा नेम नसे. साहेबांपुढे माणूस नीट दिसावा, एवढाच हेतू. माणूस नीट दिसला. विमान नापास झालं.

मिस्त्रींना हे भयंकर लागलं. त्यांनी टाकी रिकामी केली, उतरवली, धुतली, वाळवली. प्रत्येक शिवणीवरचं जुनं सीलंट लाकडी पट्टीने खरवडून काढलं, नवं लावलं, रिव्हेटच्या डोक्यांवर एकेक टिकली दिली आणि टाकी परत बसवून पेट्रोल भरलं. मग पेट्रोलने माखलेला ओव्हरऑल त्यांनी नेहमीप्रमाणे हँगरच्या नळावर धुतला, कारण तो वास घेऊन घरी गेलं की बायको त्यांना गॅसजवळ फिरकू देत नसे. तीस वर्षांची शिस्त होती ती. दुसऱ्या दिवशी सकाळी डाग हजर. मिस्त्रींनी पुन्हा टाकी उतरवली, पुन्हा खरवडली, पुन्हा लावली. आणि आज बुधवार, आणि बशीएवढा डाग.

"वास घेऊन बघा की," भाऊजी म्हणाले.

सगळ्यांनी वास घेतला. पेट्रोलचा आला. पण त्या हँगरमध्ये भिंतीलाही पेट्रोलचा वास येई आणि चहालाही, त्यामुळे हा पुरावा कुणी मानला नाही.

"मिस्त्री, वाईट वाटून घेऊ नका," वहिनी वाईट वाटेल अशा आवाजात म्हणाल्या, "पण तुमचा हात गेला आता."

"माझा हात?" मिस्त्रींनी दोन्ही हात पुढे केले. "या हातांनी विमानं दुरुस्त केलीत वहिनी, सायकली नाही! दोष असला तर पंखात असेल."

"ए मिस्त्री, पंखाला काही बोलायचं नाही," भाऊजी एकदम म्हणाले.

दोघांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. भाऊजींना स्वतःलाही जरा आश्चर्य वाटलं असावं. "नाही म्हणजे... डावा पंख माझा आहे," ते म्हणाले. "दोन आठवडे ऐकतोय मी. डावा गळतो, डावा गळतो. उजव्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही."

गुरुवारी मिस्त्रींनी टाकी तिसऱ्यांदा उतरवली आणि हँगरच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर ठेवली. सगळी तोंडं बुचांनी बंद केली. एका तोंडातून बेताने हवा भरली आणि त्यावर भाऊजींच्या नातीचा गुलाबी फुगा ओढून बसवला. शिवणींवर साबणाचं पाणी फिरवलं. कुठेही बुडबुडा नाही. फुग्याच्या पोटाला दोरा गुंडाळून त्यांनी मापाला गाठ मारली.

"उद्या सकाळी फुगा एवढाच राहिला तर टाकी निर्दोष," ते म्हणाले. "आणि मग माझी माफी मागायची. दोघांनी."

"आणि बारीक झाला तर?"

"तर मी सायकली दुरुस्त करीन."

दिवसभराच्या घामाने आणि पेट्रोलने लडबडलेला ओव्हरऑल धुऊन मिस्त्री घरी गेले.

शुक्रवारी सकाळी तपासनीस साहेब, वहिनी आणि भाऊजी एकदमच हँगरच्या दारात पोचले. मिस्त्री आधीच येऊन, ओव्हरऑल चढवून टेबलाशेजारी उभे होते. फुगा टम्म होता. दोऱ्याची गाठ जिथल्या तिथे.

"बघा!" मिस्त्री म्हणाले.

"हे बघा," साहेब म्हणाले. ते विमानाकडे बघत होते.

डाव्या पंखाखाली निळा डाग होता. ताजा, ओला, मधोमध चक्क थेंब साचलेला.

टाकी टेबलावर. पंख रिकामा. रिकामा पंख गळत होता.

साहेबांनी पट्टी काढली, पण ती लावली नाही. फॉर्म काढून तो मागूनपुढून वाचला. "याला रकाना नाही," ते हळूच म्हणाले.

"मुरलेलं असेल," वहिनी म्हणाल्या. "साठ वर्षांचं पेट्रोल. भिंतीत ओल मुरते तसं."

"पत्र्यात?" मिस्त्री कडाडले. "पत्र्यात पेट्रोल मुरतं? उद्या म्हणाल, पंखाला घाम येतो!"

"सगळ्यांनी मिळून बोल बोल बोललात त्याला," भाऊजींचा आवाज चढला. "रडणार नाही तर काय करेल?"

साहेबांनी डबीच्या झाकणात ते चार थेंब टिपून घेतले आणि मैदानाच्या पार टोकाला जाऊन काडी लावली. काडी विझली. दुसरी लावली. तीही विझली. परत आले तेव्हा त्यांच्या सज्जन चेहऱ्यावर पहिल्यांदाच राग दिसत होता.

"हे पेटत नाही. हे पाणी आहे. निळं पाणी! तुम्ही लोक विमानात काय भरता?"

"मी?" मिस्त्री पुढे सरसावले. "माझ्यावर भेसळीचा आळ? साहेब, तीस वर्षं झाली. या हँगरमध्ये माझ्या हातून पाण्याचा एक थेंब या विमानाच्या आसपास सांडला असेल ना, तर..." आणि शब्द सुचेनात म्हणून त्यांनी उजवा पंजा थाडकन छातीवर मारला. "छातीवर हात ठेवून सांगतो!"

हात खाली आला. पंजा निळा होता.

सगळे पंजाकडे पाहू लागले. मग छातीकडे. छातीवर, ओलसर निळ्या ओव्हरऑलवर, पाचही बोटं फिक्कट उठली होती. साहेब डाव्या पंखाखाली गेले. पंखाला खालून आधार देणारा एक तिरका दांडा होता. त्यावर कपड्यांचे दोन चिमटे लावलेले होते.

"हा भाग," साहेब म्हणाले, "या विमानाच्या पुस्तकात दिसत नाही."

"ते... वाळत घालायला," मिस्त्री म्हणाले. आवाज बुचात अडकलेल्या हवेसारखा येत होता. "तीस वर्षं तिथेच घालतो. नळापासून जवळ पडतं. जुन्याचा कधी रंग गेला नाही."

"जुन्यात रंग उरला होता कुठे?" वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी..." साहेबांनी विचारलं.

"नवा कपडा फार कडक होता. घालायच्या आधी एक पाणी दिलं."

हिशेब सोपा होता. मिस्त्री टाकी दुरुस्त करत, म्हणून मळत. मळत, म्हणून धूत. धूत, म्हणून पंख गळे. पंख गळे, म्हणून ते टाकी दुरुस्त करत. दोन आठवड्यांत एक निर्दोष टाकी तीनदा उघडून, दोनदा नव्याने बंद करण्यात आली होती.

"पण हा असला रंग जाणारा कपडा आणला कुणी?" मिस्त्रींनी शेवटचा उसना संताप गोळा करून विचारलं.

वहिनी उजव्या पंखाची पाहणी करू लागल्या.

तेवढ्यात भाऊजींनी फोन कानाला लावला. पलीकडे बागेचा मालक असावा. "ट्रक पाठवू नका. नाही म्हणजे नाही! अहो, निष्कलंक पंख आहे माझा. त्यावर काय तुमची पोरं चढवू?" त्यांनी फोन बंद केला, खिशातून रुमाल काढला आणि पंख जमिनीपासून हाताला येईल तिथपर्यंत पुसला.

टाकी बसवून होईपर्यंत साहेब थांबले. दाखल्यावर सही झाली. पण फॉर्मात 'गळतीचं मूळ' आणि 'उपाय' हे दोन रकाने रिकामे सोडता येत नसत. साहेब घरी कपडे स्वतः धूत. त्यांनी पहिल्या रकान्यात 'मिस्त्री' लिहिलं आणि दुसऱ्यात लिहिलं, 'थंड पाण्यात मूठभर मीठ घालून रात्रभर भिजवावा'.

"मला?" मिस्त्री ओरडले.

"ओव्हरऑल," साहेब म्हणाले, पण तोवर शाई वाळली होती, आणि त्या फॉर्मात खाडाखोड चालत नाही.

विमानाच्या फॉर्मात एकदा लिहिलेला उपाय दर तपासणीला पाळावा लागतो. त्यामुळे त्या विमानाच्या यादीत आजही पहिलं इंजिन आहे, दुसरी चाकं, तिसरे पंख आणि चौथं मीठ. वहिनी आधी पुडा दाखवतात, मिस्त्री निषेध नोंदवून सही करतात, आणि मगच विमान उडतं.