मिटलेल्या तोंडाचा धवला

२०२३ सालची गोष्ट. त्या कार्तिकात जासईच्या आमच्या वन्संचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, चंद्रावतीचा आवाज जायचा होता. जायचा म्हणजे कायमचा! घशात कर्करोग. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. आणि वन्सं तर धवलारीण! आमच्या आगरी लग्नात ती धवल्याची, म्हणजे लग्नगाण्याची, एक ओळ म्हणते आणि बायका तीच ओळ, त्याच चालीवर झेलतात.

भाची रंजिता रडत म्हणाली, "मामी, आईचा आवाज उतरवून ठेवायला पाहिजे."

"रडतेस काय? मी आहे ना!"

पनवेलला एस.टी. स्टँडजवळ आमच्या ह्यांचं व्हिडिओचं दुकान होतं. हे शूटिंग करत, मी आत बसून कॅसेटी जोडत असे. रडणारी वरमाय कुठे कापायची आणि जेवणारा व्याही कुठे घालायचा, हे पनवेलमध्ये माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं! हे गेल्यावर त्यांचा मदतनीस हाफिज दुकान बघू लागला. त्याला म्हटलं, "शूटिंग तू कर, एडिटिंग माझं."

"काकी, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"असू दे. आमच्या वेळी तर काहीच नव्हतं!"

पण वन्सं अडून बसल्या. "लग्नाबिगर धवला? कोनाचं लगीन हाय?"

"वन्सं, परवा ऑपरेशन आहे!"

"म्हून काय रीत मोडू?"

तुळशीची लग्नं चालू होती म्हणून निभावलं. रंजिताच्या अंगणात तुळशीला मुंडावळ्या बांधल्या, ऊस उभा केला. हाफिजने एक कॅमेरा वन्संवर, एक बायकांवर आणि एक तुळशीवर लावला. वन्संच्या पदराला वेगळा माइक. मला म्हणाला, "काकी, सुरुवातीला एक टाळी वाजवा. सगळ्या कॅमेऱ्यांत ती टाळी सापडली की चित्र आणि आवाज जुळवणं सोपं जातं."

मी वाजवली. खणखणीत!

बायकांना वाटलं, लग्न लागलं! अक्षता उडाल्या. रंजिताच्या नवऱ्याने, आमच्या जावईबापूंनी, फटाक्यांची माळ पेटवली. निम्म्या बायका ऊस आणि बोरं घ्यायला उठल्यासुद्धा!

"वयनी, मी तोंड उघडलं नाय आनि लगीन लागलं?" वन्सं कडाडल्या.

"परत लावू."

"एका नवरीचं दोनदा लगीन लावाचं?"

शेवटी शेजारच्या निशाची तुळस मागून घेतली. कॅमेरे, माइक, बायका, सगळं लटांबर कुंपणापलीकडे! हाफिज टाळीच्या खुणा करत होता. मी हात मांडीखाली दाबून दुसरीकडे बघत राहिले.

वन्सं गायल्या. आवाज फाटत होता, मान दुखत होती, पण ओळ एकही गाळली नाही. झेलणाऱ्या बायकांनाच हुंदके आवरेनात.

टाळी नव्हती, पण कॉम्प्युटर आवाज ताडून कॅमेरे आपोआप जुळवतो, हे मी शिकून घेतलं होतं. बटण दाबलं. पडद्यावरच्या चित्राच्या आणि आवाजाच्या पट्ट्या सरसर सरकल्या आणि शाळेतल्या मुलांसारख्या ओळीत उभ्या राहिल्या!

"काकी, एकदा सगळं बघून घ्या," हाफिज म्हणाला.

"मला शिकवतोस?" मी म्हटलं. खरं तर वन्संना गाताना पुन्हा बघायचा धीर होत नव्हता.

ऑपरेशननंतर वन्सं घरी आल्या. गळ्याला भोक, त्यात नळी. सगळ्या बायका टीव्हीपुढे जमल्या, हाफिजही आला. मी सत्कारमूर्तीसारखी पुढे बसले.

वन्संचा आवाज घुमला. आणि पडद्यावर वन्सं तोंड मिटून बसलेल्या! ओळ संपली, वन्संनी तोंड उघडलं, आणि त्यातून वीसेक बायका एकदम गायल्या!

तीच ओळ, तीच चाल! कॉम्प्युटरने बायकांची ओळ वन्संची समजून जोडली होती. अख्खं लग्न एक ओळ पुढेमागे!

मागे वळून बघते तो वन्संचे खांदे गदगदत होते, चेहरा लालबुंद, नळीतून शिट्टी वाजत होती.

"आईला श्वास लागला!" रंजिता किंचाळली. हाफिज रिक्षा आणायला अनवाणी धावला. जावईबापूंनी दवाखान्याऐवजी केबलवाल्याला फोन लावला! वन्सं मांडीवर थापा मारत होत्या. तेव्हा मला कळलं, त्या हसत होत्या. पण हसण्याला आवाज नव्हता.

हाफिज परतला तो घामाघूम. "काकी, एक ओळ मागे सरकवली की झालं. आत्ता करतो."

वन्संनी त्याचं मनगट धरलं. पडद्यावरच्या मिटलेल्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या मिटलेल्या तोंडाकडे. आणि बोट गोल फिरवून सांगितलं, परत लाव.

हाफिजने पुढे नीट जुळवलेली प्रत करून दिली. वन्संनी ती एकदाच बघितली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना माझीच बिघडलेली लागायची.

पुढच्या श्रावणात वन्सं गेल्या. हाफिजने दुकान मोठं केलं, काचेचं दार लावलं, मला चहाला बोलावतो, कॉम्प्युटरजवळ मात्र बसवत नाही. रंजिता धवले शिकली नाही. ती नुसता आईचा आवाज लग्नात स्पीकरवर लावते आणि बायका झेलतात. चित्र कुणीच बघत नाही!

एका ओळीनंतर वन्संना जोराचा खोकला येतो. हाफिज तो कापणार होता, रंजिताने कापू दिला नाही. मागच्या वैशाखात भर मांडवात तो खोकला वाजला आणि एक म्हातारी घाईघाईने उठून पाण्याचा तांब्या घेऊन थेट स्पीकरपर्यंत गेली. पोरं हसून लोळली.

म्हातारी कोण, ते विचारू नका. तांब्या आमच्याच घरचा होता.