बिनघंटेचा प्रयोग

शुक्रवार पेठेत चन्नप्पाअण्णांचं पितळी सामानाचं दुकान आहे. समया, तांबे, कळश्या आणि छताला ओळीनं टांगलेल्या देवळाच्या घंटा. त्यातली एकही घंटा वाजत नाही. प्रत्येकीच्या लोलकाला चिंधी गुंडाळलेली असते. "आवाज कसा आहे बघू" असं गिऱ्हाईक म्हणालं की अण्णा घंटा खाली काढतात, गल्ल्याची किल्ली कमरेला खोचतात आणि गिऱ्हाइकाला घेऊन पार चौकापर्यंत चालत जातात. तिथं चिंधी सोडायची, टोल द्यायचा, पुन्हा चिंधी बांधायची आणि माघारी. सोलापूरच्या उन्हात मी या वरातीत एकदा सामील झालेली आहे. मला घंटा घ्यायचीच नव्हती, मी समई बघायला गेले होते.

"अण्णा, दुकानातच का नाही वाजवत?" मी विचारलं.

"पितळ घाबरतंय की," अण्णा म्हणाले आणि समईला कागद गुंडाळू लागले.

पितळ घाबरतं म्हणजे काय, यावर मी घरापर्यंत विचार केला. अण्णांशी बोलून मी न गोंधळता परत आले आहे, असं आजवर झालेलं नाही.

त्यांची माझी ओळख मात्र दुकानातली नव्हे, नाटकातली. आमचं एक हौशी मंडळ आहे. दिवसा कुणी बँकेत, कुणी शाळेत, मी विम्याच्या कचेरीत. नाटकात मी कायमची आई किंवा सासू. एकदा पुरुष कमी पडला म्हणून न्यायाधीशही झाले होते. अण्णांकडे खातं एकच, घंटेचं. नाट्यगृहात विजेची घंटा आहे, पण ती अण्णांना चालत नाही. "ती कुरकुरतंय, वाजत न्हाय," म्हणतात. स्वतःच्या दुकानातली थोरली घंटा घेऊन येतात आणि पडद्याआडून असे टोल देतात, की तिसऱ्या घंटेला पहिल्या रांगेतले लोक आपोआप ताठ बसतात. एकदा तिसरी झाली की दार बंद. उशिरा आलेल्या आमच्या अध्यक्षांनाही त्यांनी व्हरांड्यात उभं केलेलं आहे. प्रेक्षकांत कुणी कुजबुजलं तर अण्णांची "शूऽऽ" येते. त्या "शू"नं एकदा स्टेजवर माझंच वाक्य मी गिळलं होतं.

असा हा माणूस परवाच्या नाटकाच्या बैठकीत उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या बारीला एक प्रयोग बिनघंटेचं करायचं."

आम्हाला वाटलं, घंटा चोरीला गेली.

"घंटा हाय की. वाजवायचं न्हाय. दिवा पण पुरता मालवायचं न्हाय. दार उघडं. कुणाला उठावं वाटलं, उठू द्या. बोलावं वाटलं, बोलू द्या. चाकाची खुर्ची येऊ द्या. आन् ते पिस्तूल वाजवायचं न्हाय."

नाटक रहस्यमय विनोदी होतं. दुसऱ्या अंकातला पिस्तुलाचा बार हा आमच्या खलनायकाचा, म्हणजे रमेशचा, एकमेव मोठा क्षण. तो हादरला. "मग मी खून कसा करू?"

"तोंडानं करा की," अण्णा म्हणाले.

अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, की हे सगळं कशासाठी?

अण्णा जरा घुटमळले. "ते यायचं हाय. लई वर्सं भाईर थांबलंय. ते आलं पायजे बगा एकदा. न्हाय जमलं तर मी घंटा सोडतो. दुसरा माणूस बगा."

एवढं बोलून ते खाली बसले. डोळ्यांत पाणी होतं, हे मला दिसलं. बाकीच्यांना फक्त "ते" ऐकू आलं.

इथे सांगायला हवं, की अण्णांच्या घरात कन्नड बोलतात आणि मराठीतली लिंगं त्यांनी कधी मनावर घेतलेली नाहीत. घंटा आला, दिवा आली, नाटक चांगली झाला, असं चालू असतं. त्यामुळे "ते येणार" यातला "ते" आम्ही सरळ आदरार्थी धरला. ते म्हणजे कोण? कुणीतरी मोठा माणूस. रमेशच्या मते सिनेमावाला, आवाजाचं वावडं असलेला. अध्यक्षांच्या मते कुणी पुढारी, गुडघे गेलेला. म्हणून तर चाकाची खुर्ची. अण्णांना विचारलं तर म्हणायचे, "आलं की कळंल. येन माडोदु!" म्हणजे काय करणार. हे त्यांचं सगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे. शेवटी प्रयोग ठरला. पुढारी असो वा सिनेमावाला, अध्यक्षांनी शाल आणि नारळ आणून ठेवला.

जाहिरातीच्या फळ्यावर मी लिहिलं, "घंटा नसलेला प्रयोग. सर्वांचं स्वागत." कॉलेजातली मुलं ते वाचून हसत होती, का, ते मला विचारू नका. खाली अण्णांनी आपल्या लोकांसाठी कन्नडमध्ये एक ओळ रंगवली, "गंटी इल्लद नाटक." आता कन्नडमध्ये गंटी म्हणजे घंटा, आणि गंटी म्हणजे तासही. किती वाजले विचारायचं तर किती गंटी झाल्या असं विचारतात. त्यामुळे अण्णांनी लिहिलं घंटा नसलेलं नाटक, आणि निम्म्या गावानं वाचलं वेळ नसलेलं नाटक.

प्रयोग संध्याकाळी सहाला होता. चारलाच एक कुटुंब डबा घेऊन येऊन बसलं होतं. पडदा उघडला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि मग लोक येतच राहिले. रमतगमत, चपला वाजवत. सभागृहात अर्धे दिवे चालू. इतकी वर्षं मी काळोखाकडे बघून रडत आले, आता समोर चेहरे दिसत होते. चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा माझ्याकडे बघून मान हलवत होते. एक मुलगा हात फडफडवत मधल्या वाटेनं येरझाऱ्या घालत होता आणि त्याची आई पहिल्यांदाच कुणाची माफी न मागता बसल्यासारखी दिसत होती. डबेवाल्या बाई मला खालूनच म्हणाल्या, "अवो, सून चोर न्हाय, त्यो दीर चोर हाय!" खरं होतं ते. मी सासूच्याच आवाजात "बघते हं," म्हणाले आणि पुढचं वाक्य विसरले.

अध्यक्ष शाल-नारळ घेऊन फाटकावर "ते" येण्याची वाट बघत उभे होते.

तेवढ्यात दारातून अण्णा आत आले. बरोबर एक बाई. पन्नाशीची, इरकली लुगडं, एक हात कानावर, दुसऱ्या हातात नारळ. अध्यक्षांच्या तबकातला नारळ तिनं येता येता उचलला होता. अण्णांनी तिला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. ते स्टेजकडे बोट दाखवत होते. ती स्टेजकडे बघतच नव्हती. ती अण्णांच्या हातांकडे बघत होती.

मध्यंतरात मी तशीच, पांढऱ्या विगमध्ये, त्यांच्याकडे गेले.

"हे आमचं नीला," अण्णा म्हणाले. "धाकटं भन. दुकानाच्या माडीवर असतंय."

म्हणजे "ते" हे होतं. घरातल्या लहानग्याला म्हणतात तसं "ते." पुढारी नव्हे की सिनेमावाला नव्हे. मला एकदम दुकानातल्या घंटांच्या सगळ्या चिंध्या आठवल्या.

"लहानपणी वळसंगच्या जत्रंत नाटक आलं होतं," अण्णा खाली बघून सांगू लागले. "मी घेऊन गेलो तिला. घंटा झाला, दिवा गेली, तिनं किंचाळलं. थांबंना. लोकांनी हाकललं आमाला. परत कुटं न्यायला धीर झाला न्हाय. आवाज सोसत न्हाय तिला, अंधार सोसत न्हाय. दर प्रयोगाला घरी गेलो की इचारतंय, आज किती वाजवलास? मी सांगतो, तीन. हसतंय मग."

नीलाक्का माझ्या विगला हात लावून बघत होती.

दुसऱ्या अंकात रमेशनं पिस्तूल रोखलं आणि अत्यंत अदबीनं "ठो" म्हणाला. सभागृह खदखदून हसलं. नीलाक्कानं दोन्ही कान दाबले, पण उठली नाही. बघितलंही नाही. नाटक संपेपर्यंत तिची नजर अण्णांच्या हातांवरून हलली नाही, आणि अण्णांचा चेहरा उतरत गेला. एवढा खटाटोप करून तिला आणलं, आणि तिनं नाटकाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

पडदा पडला. लोक उठू लागले, काही तर आत्ताच येत होते. मी विग काढून पडद्याच्या फटीतून बघत होते. तेव्हा नीलाक्का तक्रारीच्या सुरात, मला ऐकू येईल एवढ्यानं, अण्णांना म्हणाली, "गंटी याक बारिसलिल्ल?"

घंटा का नाही वाजवलीस?

जिच्यासाठी घंटा बंद ठेवली, ती घंटाच बघायला आली होती. भाऊ नाटकात काय करतो, ते बघायला.

अण्णा उठले. थोरली घंटा सवयीनं सोबत आणलेली होती, दुकानातली चिंधी तशीच बांधलेली. ती घेऊन ते स्टेजवर चढले आणि पडद्यासमोर उभे राहिले. एरवी ते आडून वाजवतात, त्यांना वाजवताना कुणीच बघितलेलं नव्हतं. नीलाक्कानं कान झाकले. अण्णांनी पहिली घंटा दिली. नुसतं थप्प झालं. दुसरी दिली. जाणारे लोक थांबले. तिसरी त्यांनी नेहमीसारखी, अंग झोकून दिली. थप्प.

नीलाक्कानं कानांवरचे हात काढले. ती हसली. मग खुर्चीत नीट सरसावून बसली, नारळ मांडीवर घेतला, आणि पडद्याकडे बघू लागली. तिसरी झाली होती, आता नाटक सुरू होणार होतं.

उशिरा आलेलेही खाली बसले. वेळ नसलेलंच नाटक होतं ते.

अण्णा पडद्याच्या फटीतून आत डोकावले. आम्ही मेकअप पुसत होतो. माझा अर्धा चेहरा सासूचा होता आणि अर्धा माझा.

"ताई," अण्णा अगदी बारीक आवाजात म्हणाले, "येन माडोदु?"

मी विग परत चढवला.

"रमेश," मी म्हटलं, "पिस्तूल घे. पहिल्यापासून."