ही आत जाऊन कुणाला छळती?

आमच्या शेजारचे दत्तूनाना उधळलेल्या बैलाला शिंगं धरून थांबवतात, पण डोकेदुखीच्या गोळीला टरकतात. भोरच्या मेडिकलमध्ये ते गोळी मागत नाहीत, तिची उलटतपासणी घेतात.

"ही कशावर हाय?"

"अंगदुखीवर, नाना."

"ते कळलं. पर आत जाऊन ही कुणाला छळती?"

दुकानदार वैतागून सांगतो, "ही जास्त झाली तर लिव्हरला. ती दुसरी पोटाला, किडनीला." नाना दोन्ही पाकिटं परत सरकवतात आणि डोक्याला फडकं आवळून आमच्या उत्रोलीला परततात. मागं उभी असलेली माणसं मात्र आपापल्या गोळ्यांकडं संशयानं बघत राहतात.

गेल्या भातलावणीत नानींना सणकून ताप भरला. भर दुपारी नाना माझ्या दारात. मी शाळेत शिकवते, म्हणजे मला औषधातलंही कळतं, अशी त्यांची समजूत. एका हातात पॅरासिटामॉल, दुसऱ्या हातात त्यांच्याच कंबरदुखीची, कधीच न घेतलेली गोळी.

"बाई, कुठली देऊ? तिचं अंग लई ठणकतंय. ही कंबरेची जोरदार हाय, पर..."

"पर काय, नाना?"

ते उंबऱ्याशीच बसले. मी इथं बदलून येण्याआधीची गोष्ट. "गुडघ्यासाठी तिला असलीच आणून दिली व्हती. उपाशीपोटी रोज खायची. म्या दुकानात कायबी इचारलं न्हाई. एक दिवस रगात वकली. टेम्पोत माझ्या मांडीवर गार पडत चालली व्हती, बाई."

मी भोरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "साधी पॅरासिटामॉल द्या, थोडं खायला घालून. कंबरेची अजिबात नको. ताप हटला नाही तर घेऊन या."

नानांनी पेज भरवली, गोळी दिली. नानींनी डोळे मिटले, तसं नानांनी त्यांच्या नाकापुढं बोट धरलं.

"आवं, झोपू द्या की!"

"झोप की. पर मधनंमधनं बोलत ऱ्हा."

नानी चिडून कुशीवर वळल्या. दिवस कलताना त्यांच्या कपाळाला घाम फुटला, ताप उतरू लागला. नाना तरीही हलेनात.

मग झोपेतच नानींचा आवाज आला, "हाय... हाय मी हितंच."

"बरं," नाना म्हणाले.