शंभर एमएमवाले बंड सर

आमच्या अकोल्याच्या शाळेत गणित शिकवणारे देवराव बंड सर बोलता बोलता मधेच श्वास धरतात. समोरच्याला वाटतं, छातीत कळ आली. मी शाळेत शिक्षक म्हणून नवा होतो तेव्हा धावत जाऊन पाणी आणलं होतं. सरांना फक्त माझ्या खांद्यामागच्या कण्हेरीवर फुलपाखरू दिसलं होतं.

एकदा प्रार्थनेच्या वेळी एक फुलपाखरू मुख्याध्यापिका बाईंच्या गजऱ्यावर बसलं. सर कॅमेरा घेऊन गुडघ्यांवर रांगत मंचापर्यंत गेले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, हालू नका." बाईंना वाटलं, गांधीलमाशी. प्रार्थना संपली, पोरं वर्गात गेली, तरी बाई उभ्याच. खरा प्रकार कळल्यावर त्यांनी सरांच्या माथी महिनाभर शनिवारचे जादा तास मारले.

सरांनी लग्न केलं नाही. पगारातून फुलपाखरांचे जवळून फोटो काढायच्या लेन्स घेतल्या. पहिली साठ एमएमची. तिच्यासाठी फुलपाखराच्या वीतभर जवळ जावं लागे, आणि तोवर ते उडालेलं असे. मग शंभरची आली आणि सर सुखावले. "साठवाल्याले त्याच्या घरात घुसा लागते," ते सांगायचे, "शंभरवाल्याले दारातूनच बोलता येते." अमरावतीच्या मित्राची एकशेऐंशीची एकदा मागून आणली. पण ती इतकी जड, की कॅमेऱ्याच्या तिपाईशिवाय हात थरथरायचा, आणि तिपाई उभी होईपर्यंत फुलपाखरू नांदगाव पेठेला पोचलेलं असायचं.

रविवारी मीही त्यांच्याबरोबर हिंडू लागलो. माझं काम पांढरी छत्री धरायचं, म्हणजे ऊन मऊ पडतं. सकाळी पंख गरम व्हायच्या आत फुलपाखराला गाठायचं. आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. लेन्स पंखांना अगदी समांतर हवी, नाहीतर एक पंख स्पष्ट येतो आणि दुसरा धुक्यात जातो. एकदा ऐनवेळी मला खोकला आला. सर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मोबाइलवर फोटो काढून मोठा का करत नाही, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तसं मोठं केलं का फुटते. अन् मले मोठंच पायजे." कशासाठी, ते सांगितलं नाही.

ते कळलं दिवाळीनंतर, सर मला पातूरला घेऊन गेले तेव्हा. तिथे त्यांच्या घरची फुलशेती आहे. झेंडू, शेवंती पुतणे बघतात आणि घरात सरांची थोरली विधवा बहीण, यमुनाताई, राहते. आई लहानपणीच गेली, सरांना ताईनेच वाढवलं. फुलं तोडताना ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाफ्यांतून फिरायची आणि फुलपाखरं दाखवायची. हे सगळं सरांनी मला वाटेत सांगितलं. तीन वर्षांपासून ताईच्या डोळ्यांचा मधला भाग विझत चालला होता. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हटलं होतं. बारीक काही दिसत नव्हतं, पण कॅलेंडरएवढा स्पष्ट फोटो नाकाजवळ धरला की पंखांवरची नक्षी तिला ओळखू यायची. म्हणून दर रविवारी दुपारी सर एक नवा मोठा फोटो घेऊन पातूरला जायचे.

त्या दिवशी सरांनी नेलेल्या फोटोतलं फुलपाखरू काळंभोर होतं, मागच्या पंखांवर निळे डाग. ताईने फोटो नाकाजवळ धरला, हळूहळू फिरवला, कागदावरून हात फिरवला.

"पिवयं हाय न रे देवा?" ती म्हणाली. "यंदा पिवयी लय निघाली."

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा जराही हलला नाही.

"हो ताई," ते म्हणाले. "पिवयंच हाय."

मग ते चहाचं पाहायला आत गेले. तेवढ्यात ताईने अंदाजाने मान माझ्याकडे वळवली.

"मास्तर, मले आता काईच दिसत नाई," ती म्हणाली. "बैलाईचा पोया झाला तवापासून नाई. पण त्याले सांगू नोका. नाई तं तो कशाले येईन?"

सर चहा घेऊन आले. ताईने फोटोतल्या पिवळ्या रंगाचं पुन्हा कौतुक केलं. सरांनी ते फुलपाखरू कुठे, कसं मिळालं, हे सविस्तर सांगितलं. चहा संपेपर्यंत दोघांचं असंच चाललं होतं.

परतताना मोटरसायकलवर मी मागे बसलो होतो. ताईने सांगितलेलं पोटातच ठेवलं होतं. अकोला जवळ आलं तेव्हा सरांनी गाडी हळू केली आणि मान न वळवता विचारलं, "पुढच्या रविवारी येता का?"

मी हो म्हटलं.

"लिंबाच्या बगिच्यात जाऊ," ते म्हणाले. "पिवयंच शोधा लागते. ताईले तेच दिसून राहिलं."