शिंगाडे बाईंचा खडा

नववीला स्फटिक शिकवताना शिंगाडे बाई पर्समधून कुंकवाची जुनी डबी काढत, झाकण उघडत आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरवत. डबीत मुतखडा असे. त्यांचा स्वतःचा.

"हात लावून बघा. दुकानातला नाय, घरचा माल हाय."

आधी ताटलीत मिठाचं पाणी उन्हात ठेवायचं. पाणी उडून गेलं की तळाला पांढरे कण दिसायचे, आणि मग ही डबी. "पाणी कमी पडलं की क्षार बसतो. ताटलीत बसतो, माणसातबी बसतो." मुलं किंचाळत, मुली नाकाला ओढणी लावत, पण परीक्षेत त्या प्रश्नाला कुणी चुकत नसे. स्टाफरूममध्ये त्यांचं नाव 'खडेबाई' पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणा की," त्या म्हणत, "खोटं कुठं हाय?"

शाळा बजाजनगरच्या कडेला, कामगारांच्या मुलांची. मी तिथं तासिकेवर मराठी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचो. बाई सिल्लोडकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. पन्नाशी उलटलेली, एकट्या राहत. जगाशी त्यांचा व्यवहार एका शब्दावर चाले : "दाखवा." दूधवाला म्हणाला, निव्वळ म्हशीचं आहे. "दाखवा." संस्थेचे अध्यक्ष गॅदरिंगमध्ये म्हणाले, "आपली शाळा प्रगतिपथावर आहे." मागच्या रांगेतून आवाज आला, "दाखवा." अध्यक्षांनी भाषण वेळेआधी आटोपलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या त्या कशासाठी, हे अध्यक्षांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आमच्या भागात शिकवावी लागत नाही. शहर मात्र फुगत होतं. खांबाखांबाला प्लॉटची जाहिरात, आणि जाहिरातीत कारंजं. शाळेच्या नावाचा टँकर यायचा, पण त्याचा पाइप मागच्या भिंतीवरून पलीकडे, अध्यक्षांच्या बंगल्यातल्या टाकीत जायचा. उरलंसुरलं शाळेच्या ड्रमात. भिंतीपलीकडे हिरवळ होती. अलीकडे संडासाला कुलूप.

हे कुलूप दर उन्हाळ्यात लागायचं. त्या वर्षी दिवाळी सरताच लागलं. मुलं मोकळ्या प्लॉटवर जात. मुली सकाळपासून घोटभरही पाणी न पिता बसत. मोठ्या मुली महिन्यातले काही दिवस येतच नसत, आणि मग त्यातल्या काही यायच्याच थांबल्या. हजेरीत शेरा पडे : घरगुती कारण. घराचं कारण! शाळेनं मुलीला बाहेर काढायचं आणि नाव घरावर टाकायचं.

मी पत्रक लिहिलं. बाईंनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं.

"पत्रकवाले, यात 'पाहिजे' लई हाय. 'कसं' कुठंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नववीचा तास मागच्या भिंतीपाशी घेतला. विषय : वक्रनळी. अध्यक्षांची टाकी भिंतीला लागूनच उंच ओट्यावर होती आणि तिचं झाकण सैल होतं. बाईंनी पदर खोचला, बाकावर बाक चढवला, वर उभ्या राहिल्या आणि लांब नळीचं एक टोक पलीकडे टाकीत सोडलं. दुसरं टोक एका मुलीच्या हातात.

"ओढ. जोर लाव, माय. आलं का तोंडात? आता बोट लाव, खाली ने ड्रमात, अन् सोड."

पाणी भिंत चढून आलं. मुली ओरडल्या.

"ओरडू नका, लिहा. उद्देश : संडास धुणे. साहित्य : नळी, भिंत, अध्यक्षांची टाकी. अनुमान : पाणी वरून खाली यायला तयारच असतं. कुणीतरी एकदा ओढावं लागतं."

त्या दुपारी कुलूप उघडलं. पुढं रोज तोच प्रयोग झाला. "सराव," बाई म्हणायच्या. थांबलेल्या मुलींपैकी काही परत आल्या. मग बंगल्यातली हिरवळ पिवळी पडायला लागली आणि माळ्यानं टाकीत वाकून पाहिलं.

बैठक बसली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, ही चोरी आहे."

"टँकर कुणाच्या नावावर येतो, साहेब?"

"तो प्रशासकीय भाग आहे."

"दाखवा."

मुख्याध्यापक पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता. मी बोललो, बराच बोललो, पण तासिकेवाल्याचं बोलणं इतिवृत्तात घेत नाहीत. बाईंची बदली सिल्लोडच्या पलीकडे, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत झाली. टाकीला नवं कुलूप आलं आणि संडासाचं जुनं कुलूप परत जागेवर गेलं.

शेवटच्या दिवशी मी बाईंचं कपाट आवरायला गेलो. तळाशी एक किल्ली सापडली, कोरी, पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली : 'स्टाफ स्वच्छतागृह'. ते वेगळं होतं, बारा महिने चालू. बाकीच्या शिक्षिकांच्या किल्ल्या हातात राहून गुळगुळीत झाल्या होत्या.

"बाई, ही वापरलीच नाही?"

"पोरींसमोरून किल्ली वाजवत जाऊ व्हय? म्हणलं, त्या बसतात तसं आपुनबी बसावं."

"म्हणजे इतकी वर्षं... दिवसभर पाणी न पिता?"

त्यांनी डबी हलवली. खडा आत वाजला.

"दरवर्षी दाखवत होते की. सगळ्यांनी हात लावून बघितला. 'बाई, तुमच्यात कसा बसला?' हे मात्र कुणीच नाय विचारलं."

डबी त्यांनी कपाटात परत ठेवली. "राहू द्या इथं. पुढच्या बाईला दाखवायला लागंल."

मी पिशव्या घेऊन फाटकापर्यंत गेलो. फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर त्या थांबल्या, माझी पाण्याची बाटली मागितली आणि तिथंच, उभ्या उभ्या, सगळी पिऊन टाकली.