गजभिये काकांचा सांधा

सूतकताईच्या मंडळात मी पोस्टातला ओला स्पंज नेला. चूक एवढीच. छत्तीस वर्षं पोस्टात काढली, शेकडो पत्रं भलत्याच घरी गेलेली पाहिली. पण इतक्या अचूक पत्त्यावर अपमान पोचवायचं काम माझ्या हातून निवृत्तीनंतरच झालं.

आमच्या कॉलनीच्या बगिच्यातल्या शेडमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही दहाबारा जण पेटीचरखे घेऊन बसतो. देशसेवा वगैरे काही नाही. कोणाला डॉक्टरनं मोबाइल कमी करायला सांगितलाय, मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणाऱ्या एका पोरीला म्हणे यानं झोप लागते, आणि मला माझी बायको मंदा ओढत नेते. हाताला चाळा, तोंडाला गप्पा, शेवटी तर्रीपोहे. सगळ्यांचं सूत एकत्र करून थंडीच्या आधी इतवारीपलीकडच्या एका म्हाताऱ्या विणकराकडून चादर विणून घ्यायची, असं ठरलं होतं.

आमच्यात सूत खरोखर कळणारा माणूस एकच, गजभिये काका. पंच्याहत्तरी ओलांडलेली, अंगात इस्त्रीचा हाफ शर्ट. केव्हाच बंद पडलेल्या एका मिलमध्ये ते रिंग खात्यात होते. म्हणजे शेकडो चात्या गरगरताहेत आणि त्यांत कुठं धागा तुटला की धावत जाऊन जोडायचा. मिल बंद पडली, काकांचं धावणं बंद पडलं नाही.

शेडमध्ये कोणाचाही धागा तुटला की काका स्वतःचा चरखा सोडून उठत. "थांबा! हात नका लावू. येऊन राहिलो मी!" गुडघ्यावर हात टेकत यायचे, दोन्ही टोकं जिभेला लावायचे, चिमटीत पीळ द्यायचे आणि म्हणायचे, "आता सांधा शोधून दाखवा." दीड वर्षात एकालाही सापडला नाही. कोणी स्वतः जोडायला गेलं तर चिडायचे, "काहून गा? मी मेलो का?" मंदाचा धागा फार तुटतो. तिला ते म्हणत, "तोड वं, पोरी. तोडत राय. माह्यावालं काम चालू राहते."

त्यांच्या वस्तीतली माणसं त्यांना डिवचायची, "काका, आता तुमी बी चरखा चालवून राहिले? टोपी कधी घालता?" काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "चरखा कोनाचाही असो. सूत माह्या बापाचं हाय." हा त्यांचा तोरा आहे असं समजून आम्ही हसायचो. आणखी एक हट्ट होता. विणकराकडे सूत घेऊन तेच जाणार आणि मागावर आडवा धागा नेणारा धोटाही तेच भरणार. का, ते आम्ही विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाचे हट्ट विचारायचे नसतात, पुरवायचे असतात, असं मानणारी आम्ही सुसंस्कृत मंडळी.

आता माझं. माझ्या धाग्याला काकांची जीभ लागली की मला कसंतरी व्हायचं. मी त्याला स्वच्छता असं नाव दिलं. कोरोनानंतर ते नाव कुठंही खपतं. आमच्या घरातून शिवाशिव कधीच गेली, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगत असतो. तर एका रविवारी मी बारा गुलाबी वाट्या नेल्या. प्रत्येकीत ओला स्पंज, पोस्टात तिकिटं ओली करायला असतो तसा. अदलाबदल नको म्हणून प्रत्येक वाटीवर मार्करनं नाव घातलं. एक वाटी 'गजभिये काका' अशी.

मंडळ खूश. टोकं ओली करा, पीळ द्या, झालं. "पोस्टवाल्याचं डोकं पाहा," म्हणून माझं कौतुक झालं. मी ते पोह्यांसोबत खाल्लं.

त्या सकाळी धागे नेहमीसारखेच तुटले. काका दोनदा अर्धवट उठले आणि बसले. जाताना त्यांनी आपली वाटी उचलून नाव वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि ती होती तिथंच ठेवली. नंतरच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

"पाय दुखत असतील," मी म्हणालो.

"पाय नाही दुखून राहिले त्यांचे," मंदा म्हणाली. "ही सुताची पिशवी घ्या आणि त्यांच्या घरी जा. विणकराकडे त्यांनाच जायचं होतं. त्यांच्या हाती द्या."

गेलो. काका एकटेच कातत बसले होते. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो. मी पिशवी खाली ठेवली आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "काका, स्पंज फक्त स्वच्छतेसाठी होता."

"मिलमधलेही तवा तेच म्हनत होते," काका म्हणाले. चरखा थांबला नाही. "माह्या बापानं तीस वर्ष मिलमध्ये सूत काढलं. विणायच्या खात्यात त्याले पाय ठेवू देल्ला नाही. धोटा भरायचा तर भोकातून सूत तोंडानं ओढा लागे. आमच्या तोंडाचं सूत बाकीच्याईले चालत नव्हतं. बोटाचं चाले."

मी पिशवीची गाठ उगाच घट्ट केली.

"तुमच्या शेडमंधी दीड वर्ष चाललं. दर रविवारी घरी येऊन मी या बुढ्याले सांगो," त्यांनी फोटोकडे मान केली, "चालून राहिलं म्हणून. मंग तुमी वाटी आणली. माह्या नावाची."

तेवढ्यात धागा तुटला. काका सवयीनं पुढं झुकले, थांबले आणि दोन्ही टोकं माझ्यापुढं धरली. "जोडा."

मी टोकं तोंडात घेतली. तोंड ठार कोरडं पडलं होतं. कसाबसा पीळ दिला, काकांनी चाक अर्धा फेरा फिरवलं आणि सांधा सुटला.

त्यांनी माझ्या हातातून तीच टोकं घेतली, माझ्या तोंडातून निघालेली, आणि सरळ आपल्या जिभेवर ठेवली. पीळ दिला. चाक फिरलं, धागा टिकला. मग त्यांनी पायानं सुताची पिशवी आपल्याकडे ओढून घेतली.

"सारी जिंदगी स्पंजावर काढली तुमी, पोस्टमास्तर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तोंडात थुंकी कुठून येईन?"